जुन्या गाडीच्या इंजिनात झिंक ॲडिटिव्ह: आधी मोजा, मग ओता

नौपाड्यातल्या एका ओळखीच्या काकांनी दिवाळीआधी त्यांच्या पद्मिनीच्या इंजिन तेलात झीज रोखणाऱ्या झिंक ॲडिटिव्हची अख्खी बाटली ओतली. आठवड्याने फोन आला, "अहो, आवाज काही गेला नाही." आवाज जाणारच नव्हता. तिसऱ्या सिलिंडरच्या एका टॅपेटचा (कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागाचा) गॅप सैल झाला होता, आणि तो पान्याने आणि फीलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बसतो, बाटलीने नाही. शिवाय त्यांच्या इंजिनात जे तेल होतं त्यात झिंक आधीच पुरेसं होतं. वर बाटली पडल्यावर ते कितीवर गेलं, याचा हिशोब कुणी केलाच नव्हता.

ठाणे आणि नवी मुंबईत पद्मिनी, ॲम्बॅसिडर, हेराल्ड जपणारी बरीच मंडळी आहेत आणि त्यांच्याकडून मला याच दोन-तीन चुका पुन्हा पुन्हा ऐकू येतात. कुणी आवाजावरचं औषध समजून टाकतं, कुणी तेलाचा डबा न वाचता टाकतं, कुणी तीन पावसाळे जुन्या काळ्या तेलात टाकतं. म्हणून इथे सगळी प्रक्रिया क्रमाने दिली आहे. हा क्रम मोडू नका. पहिल्या चार टप्प्यांत बाटलीचं झाकणही उघडायचं नाही.

पुढचं समजायला लागेल एवढंच

आपण ज्याला झिंक म्हणतो ते झेडडीडीपी नावाचं रसायन. त्यात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा लोब, म्हणजे तिच्यावरचा उंचवटा, टॅपेटवर घासतो तिथे दाब प्रचंड असतो, तेलाचा थर टिकत नाही आणि लोखंडाला लोखंड लागतं. त्या दाबाने आणि उष्णतेने झेडडीडीपी फुटतं आणि धातूवर काचेसारखा एक अतिशय पातळ फॉस्फेटचा थर बसतो. पुढची झीज तो थर स्वतःवर घेतो, आणि तेलातल्या झिंकमधून पुन्हा बनत राहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. थर बनायला उष्णता आणि घासणी दोन्ही लागतात, म्हणजे ओतल्या ओतल्या काही होत नाही. आणि हा थर शाबूत धातूवर बसतो. खाल्ला गेलेला लोब तो भरून काढत नाही.

१. तुमच्या इंजिनाला याची गरज आहे का?

गरज मुख्यतः त्या पेट्रोल इंजिनांना, ज्यांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असते आणि चपट्या टॅपेटवर पुशरॉड (धक्का वर हेडपर्यंत नेणारी सळई) उभा असतो. आपल्याकडच्या गाड्यांत: प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी, ॲम्बॅसिडर आणि सुरुवातीच्या कॉन्टेसाचं १४८९ सीसी, स्टँडर्ड हेराल्ड आणि गॅझेल, निस्सानचं ए१२ इंजिन असलेली प्रीमियर ११८ एनई, महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीप.

ॲम्बॅसिडर १८०० आयएसझेड किंवा कॉन्टेसा क्लासिक असेल तर इंजिन इसुझूचं आहे आणि कॅम वर हेडमध्ये. मारुती ८००चीही कॅम वर. या इंजिनांना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचं साधं तेल पुरतं. जुन्या डिझेल गाड्यांत डिझेलचं तेल पडतं आणि त्यात झिंक मुळातच भरपूर असतं, त्यामुळे तिथे बाटलीचा विषय काढूच नका.

सावधान: सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर थांबा. इंजिनात थोडंफार तेल जळतंच, आणि त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टरच्या आतल्या थरावर बसून त्याला निकामी करतो. नव्या तेलांत फॉस्फरस कमी केला गेला तो याच कारणाने. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर १९९५ पासून लागले, पण ठाण्यात फिरणारी गाडी मुळात कुठे विकली गेली हे कागदावरून अंदाजाने ठरवू नका. गाडीखाली वाकून पाहा.

मोटरसायकलबद्दलही हमखास विचारतात. ज्या बाईकचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडलेला असतो, तिच्यात वरून कोणतंही ॲडिटिव्ह टाकू नका. क्लच घसरायला लागण्याचा धोका असतो.

२. आधी इंजिनाची तब्येत

हा टप्पा लोक गाळतात आणि पुढचं सगळं वाया जातं. निम्मा दिवस लागतो, पण झिंक टाकायचं की कॅमशाफ्ट बाहेर काढायची, हे इथेच कळतं.

इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह कव्हर काढा. स्पार्क प्लग चारही काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. हॅन्डल मारायची सोय असेल तर हॅन्डलने फिरवा, नाहीतर टॉप गिअरमध्ये टाकून गाडी पुढे ढकला. आता टॅपेटचे गॅप तपासा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, आणि तो थंड इंजिनाचा आहे की गरम इंजिनाचा, हेही बघा. ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसीला नऊचा नियम चालतो: १ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ८ नंबरचा सेट करा, २ असताना ७, ३ असताना ६, असं पुढे. बेरीज नऊ झाली पाहिजे.

गॅप लावून झाले की लिफ्ट, म्हणजे लोब पुशरॉडला किती वर उचलतो ते, मोजा. डायल गेज असेल तर उत्तम. नसेल तर खोलीच्या काडीचा चांगला व्हर्नियर चालेल. प्रत्येक पुशरॉड सर्वांत खाली असताना आणि सर्वांत वर असताना रीडिंग घ्या आणि फरक वहीत लिहा. चारही इनलेटचे आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत, चारही एक्झॉस्टचे एकमेकांच्या जवळ. एखादा बाकीच्यांपेक्षा पाव मिलिमीटरने किंवा त्याहून जास्त फरकाने कमी उचलत असेल, तर तो लोब झिजला आहे असं मी धरतो.

झिजलेल्या लोबच्या इतर खुणा सांगतो. सेट केलेला गॅप एकाच टॅपेटला दोन-तीनशे किलोमीटरमध्ये पुन्हा वाढतो. चढावर पिकअप पडतो. एक्झॉस्टचा लोब गेला असेल तर कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज येतो, कारण जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही आणि इनलेट उघडला की मागे येतो.

टॅपेट बाहेर काढता आले तर त्यांचे तळ बघाच. वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली मी एकदा पद्मिनीचे आठ टॅपेट ओळीने मांडून पाहिले होते. चांगल्या टॅपेटचा तळ डोळ्याला सपाट दिसतो, पण तो किंचित फुगीर असतो. एका टॅपेटची सरळ बाजू दुसऱ्याच्या तळावर आडवी धरली की ती मधल्या उंचवट्यावर अगदी जराशी डुलते. त्या आठांतल्या पाचांवर ती डुलत होती. दोनांवर एकदम स्थिर बसली, म्हणजे फुगवटा घासून गेला होता. आठव्यावर मधून उजेडाची बारीक फट दिसली आणि बोट फिरवलं तर खळगा लागला. असा टॅपेट आपल्या भोकात गोल फिरत नाही. तो फिरला नाही की लोब एकाच रेषेवर घासत राहतो आणि मग काही आठवड्यांचाच प्रश्न उरतो.

तपासा: लिफ्ट सारखी, गॅप टिकणारे आणि ऑइल प्रेशरचा दिवा गरम इंजिनालाही स्लोवर (आयडलिंगला) विझलेला राहतो? मग पुढे जा. यातलं एकही जुळत नसेल तर बाटलीवरचे पैसे दुरुस्तीसाठी ठेवा.

३. तेलात आधीच किती आहे?

ठाण्याच्या बाजारात मिळणारी बरीच तेलं अशी आहेत की जुन्या इंजिनाला त्यात वेगळं काही टाकावंच लागत नाही. मला विचाराल तर बाटली हा दुसरा पर्याय. पहिला पर्याय म्हणजे योग्य तेल निवडणं.

डब्यावर एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) गोल चिन्ह शोधा. वरच्या अर्ध्या कड्यात दर्जा असतो, मधे ग्रेड. खालच्या कड्यात "रिसोर्स कन्झर्व्हिंग" किंवा "एनर्जी कन्झर्व्हिंग" असं छापलेलं असेल, तर ते तेल जुन्या चपट्या टॅपेटसाठी घेऊ नका. एपीआय एसएम आणि त्यानंतरच्या एसएन, एसपी दर्जांत ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना फॉस्फरसची कमाल मर्यादा ८०० पीपीएम (दहा लाख भागांत ८०० भाग) आहे. २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-४० या जाड ग्रेडना ती मर्यादा लागू नाही. आपल्या हवेत जुन्या इंजिनाला तसंही जाड ग्रेडच लागतं, त्यामुळे इथला जुन्या गाडीचा मालक पातळ तेलांच्या भानगडीत सहसा पडतच नाही.

पण मर्यादा लागू नाही म्हणजे आत भरपूर आहेच, असा अर्थ काढू नका. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या तेलाचं तांत्रिक माहितीपत्रक उतरवून घ्या आणि त्यात जस्त व फॉस्फरसची ओळ शोधा. आकडा टक्क्यांत असेल: ०.१२ टक्के म्हणजे १२०० पीपीएम. इथे दशांश चिन्हाची चूक फार होते. ०.०८ टक्के म्हणजे ८०० पीपीएम, ८० नव्हे. पत्रकात ही ओळच नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल टाका.

साध्या, मूळ कॅमशाफ्ट असलेल्या पुशरॉड इंजिनाला १००० ते १२०० पीपीएम झिंक पुरेसं होतं. फॉस्फरसचा आकडा झिंकपेक्षा थोडा कमी असतो. दोन्हींतला एकच दिला असेल तरी अंदाज बांधता येतो.

बाटलीशिवाय भागवायचे दोन मार्ग:

सीआय-४ प्लस दर्जाचं १५डब्ल्यू-४० डिझेल तेल. या तेलांत झिंक बहुधा हजाराच्या वर असतं. डब्यावर पेट्रोलचाही दर्जा छापलेला असला तर उत्तम. यात धुण्याची ताकद जास्त असते, त्यामुळे वर्षानुवर्षांचा गाळ सुटतो. पहिल्या वेळी हजार किलोमीटरवरच फिल्टर बदला.

जासो (जपानी वाहन मानक संस्था) एमए२ शिक्क्याचं २०डब्ल्यू-५० फोर-टी, म्हणजे फोर-स्ट्रोक मोटरसायकलचं, तेल. जासोच्या मानकातच फॉस्फरस किमान ८०० आणि कमाल १२०० पीपीएम ठेवलेला आहे, म्हणजे खालची हमी छापील मिळते. बुलेटवाल्यांमुळे हे तेल कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातही असतं.

तपासा: तुमच्या तेलाचा आकडा १००० च्या वर आहे? मग बाटली परत ठेवा आणि सहाव्या टप्प्यावर जा. फक्त तेल बदला.

४. हिशोब

बाटली घेण्याआधी तिच्यावरची जस्ताची टक्केवारी बघा. ती छापलेलीच नसेल तर ती बाटली घेऊ नका. "ऑइल ट्रीटमेंट" नावाने दुकानात जे मिळतं त्यातलं बरंचसं तेल दाट करणारं असतं. त्याने आवाज दबतो, लोबला संरक्षण मिळेलच असं नाही. आपल्याला झेडडीडीपीचं कॉन्सन्ट्रेट हवं.

सूत्र सोपं आहे. १ टक्का जस्त असलेलं कॉन्सन्ट्रेट दर लिटर तेलाला १० मिली टाकलं की सुमारे १०० पीपीएम वाढतात. ४ टक्क्यांचं असेल तर त्याच १० मिलीला सुमारे ४०० पीपीएम.

समजा तेलात ८०० आहे आणि १२०० करायचं आहे. म्हणजे ४०० कमी. कॉन्सन्ट्रेट ४ टक्क्यांचं. लिटरला १० मिली. इंजिनात फिल्टरसकट ४ लिटर तेल मावत असेल तर एकूण ४० मिली.

याच इंजिनात १२० मिलीची बाटली पूर्ण ओतली तर आकडा १९०० च्या पुढे, जवळजवळ दोन हजाराला जाऊन टेकतो. इतकं झिंक कॅमचं भलं करत नाही. प्रमाणाबाहेर गेलं की ते लोखंडालाच रासायनिकरीत्या खाऊ लागतं आणि टॅपेटच्या तळावर बारीक खड्डे पडतात. "साहेब, आख्खी ओता, काही होत नाही," असं सांगणारा मिस्त्री वाईट हेतूने सांगत नसतो, पण हा हिशोब त्याने केलेला नसतो. तुम्ही करा, चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी त्याच्या हातात द्या.

तेल किती मावतं ते मॅन्युअलमधून घ्या. आधीच्या मालकाने इंजिनाखालचा तेलाचा चेंबर बदललेला असू शकतो, म्हणून जुनं तेल काढताना ते मापाच्या कॅनमध्ये धरा आणि ताडून पाहा.

५. सामान

नवं तेल, लागेल त्यापेक्षा अर्धा लिटर जास्त. नवा फिल्टर आणि त्याची रबर रिंग. ड्रेन नटचा नवा तांब्याचा वॉशर. ५० किंवा ६० मिलीची सिरिंज, केमिस्टकडे मिळते. पाच लिटरचा स्वच्छ, पूर्ण वाळलेला कॅन. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल.

हातमोजे, गॉगल हवेतच. झेडडीडीपीच्या कॉन्सन्ट्रेटला गंधकाचा उग्र वास येतो आणि डोळ्यात उडालं तर गंभीर इजा होऊ शकते.

६. जुनं तेल काढणं

इंजिन गरम करा, पण गाडी चालवून. पाच-सात किलोमीटर फिरवून आणली की तेल पातळ होतं आणि घाण त्यात तरंगत असते. सपाट जागा बघा. ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कंपाउंडला पावसाचं पाणी जायला उतार असतो आणि गाडी तिरकी राहिली की अर्धा-पाऊण कप तेल चेंबरमध्येच राहतं. ड्रेन नट उघडून वीस मिनिटं शांत थांबा. धार थांबली तरी थेंब पडत असतात.

तेल फिलरच्या झाकणाच्या आत बोट फिरवा. पिवळट, दह्यासारखा थर असेल तर तेलात पाणी जातंय. पावसाळ्यात कोपरी ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो हवेतल्या ओलाव्याचा असू शकतो, कारण इंजिन पुरतं तापतच नाही आणि वाफ बाहेर पडत नाही. पण रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि इथेच थांबा. पाणी मिसळलेल्या तेलात झेडडीडीपी नासतं.

सावधान: रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन धुऊ देऊ नका. आपल्याकडे ही सवय फार जुनी आहे. त्याने गाळाचे पापुद्रे सुटतात आणि तेल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात, आणि कोपऱ्यात उरलेलं रॉकेल नवं तेल पातळ करतं. इंजिन फार घाण असेल तर स्वस्त नवं तेल घालून पाचशे किलोमीटर चालवा, ते फिल्टरसकट काढा आणि मगच झिंकवाली बदली करा.

७. मिसळणं आणि भरणं

कॉन्सन्ट्रेट थेट इंजिनात ओतू नका. ते दाट असतं. काही भाग व्हॉल्व्ह कव्हरच्या कडांना आणि हेडच्या खाचांना चिकटून राहतो आणि पहिल्या स्टार्टला, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज, तेव्हा तेलात नसतो.

१. कॅनमध्ये एक लिटर नवं तेल घ्या.
२. सिरिंजने मोजलेलं कॉन्सन्ट्रेट त्यात टाका. सिरिंज त्याच तेलात दोनदा ओढून सोडा, म्हणजे आत चिकटलेलंही निघेल.
३. झाकण लावून दोन मिनिटं चांगलं हलवा.
४. उरलेलं तेल घालून पुन्हा हलवा.
५. फिल्टर उभा बसत असेल तर तो या मिश्रणाने अर्धा भरा. रबर रिंगला तेलाचं बोट लावा. जुनी रिंग ब्लॉकवर चिकटून राहिली नाही ना, ते बघा. दोन रिंग एकावर एक बसल्या तर पहिल्या स्टार्टलाच सगळं तेल जमिनीवर येतं.
६. नवा वॉशर घालून ड्रेन नट लावा, मग भरा. अर्धा लिटर शेवटी राखून ठेवा आणि डिपस्टिक बघत बघत घाला.

कॅनवर तारीख आणि पीपीएम लिहून ठेवा. मिश्रण उरलं तर ते टॉप-अपला लागणार आहे.

८. पहिला स्टार्ट आणि पहिले तीस किलोमीटर

कॉइलची मधली वायर काढा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मधे विश्रांती देऊन, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीला तर हे केलंच पाहिजे. तीन महिन्यांत लोबवरचं तेल पूर्ण ओघळून खाली आलेलं असतं आणि तो कोरडा पहिला अर्धा मिनिट लोबला फार घासतो.

वायर लावून स्टार्ट करा. दिवा विझला, गळती नाही, की गाडी बाहेर काढा. स्लोवर ठेवून "गरम होऊ दे" असं करू नका.

त्यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण याबाबत उलटाच समज पसरलेला आहे. कॅमच्या टोकावर दाब सर्वांत जास्त असतो तो स्लोवर. इंजिन वेगात फिरतं तेव्हा टॅपेट, पुशरॉड, रॉकर यांना वर उसळायचा जोर असतो आणि टोकापाशी तो स्प्रिंगच्या दाबाला थोडा हलका करतो. स्लोवर तसा जोर नसतो, स्प्रिंग पूर्ण ताकदीने टॅपेटला लोबवर दाबते. आणि क्रँक हळू फिरत असल्याने खालून कॅमवर उडणारं तेलही कमी असतं. दोन्ही बाजूंनी नुकसान. घोडबंदर रोडला गायमुखाच्या अलीकडे तासभर अडकलेली पद्मिनी मोकळ्या रस्त्यावर ताशी साठने पळणाऱ्या पद्मिनीपेक्षा कॅमला जास्त त्रास देत असते. म्हणून जुनी गाडी काढायची तर सकाळी सहाला काढा.

पहिली फेरी अशी निवडा जिथे सतत मध्यम वेग मिळेल. ठाणेकरांनी ऐरोलीपर्यंत जाऊन ठाणे-बेलापूर रोड धरावा, नवी मुंबईकरांना पहाटेचा पाम बीच रोड आहे. पंचवीस-तीस किलोमीटर, पूर्ण थ्रॉटल नको, वेग कमी-जास्त करत. या फेरीत तेल नीट तापतं आणि लोबवर थर बसू लागतो.

तपासा: परत आल्यावर दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. फिल्टर आणि ड्रेन नटखाली कोरडा कागद ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना टॅपेटचे गॅप पुन्हा बघून वहीत लिहा.

९. नवी कॅमशाफ्ट बसवली असेल तर

वर सांगितलेलं चालत्या इंजिनासाठी होतं. नव्या कॅमचं पहिलं अर्ध्या तासाचं रनिंग हा वेगळाच मामला आहे आणि इथली चूक दुरुस्त होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात सांगितलेल्या पद्मिनीचं असंच झालं होतं. इंजिनचं काम काढलं, कॅमशाफ्ट नवी घातली, पण "टॅपेट चांगले आहेत" म्हणून जुनेच बसवले आणि इंजिन चालू करून स्लोवर अर्धा तास ठेवून दिलं. दीड महिन्यात लोब गेला. मालकाने सगळा खर्च पुन्हा केला.

नव्या कॅमबरोबर टॅपेट नवेच. लोबवर आणि टॅपेटच्या तळावर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा. टॅपेटच्या बाजूंना फक्त तेल, म्हणजे ते भोकात मोकळे फिरतील. टायमिंग आधीच लावून ठेवा, कार्ब्युरेटरच्या फ्लोटमध्ये पेट्रोल भरलेलं असू द्या, रेडिएटर भरून हवा काढून घ्या. स्टार्ट पहिल्या एक-दोन सेल्फमध्ये झालं पाहिजे. सेल्फ मारत बसलात तर पेस्ट तिथेच पुसून निघते.

सुरू झाल्या झाल्या १५०० ते २५०० आरपीएमच्या मधे ठेवा आणि वीस ते तीस मिनिटं त्याच मर्यादेत वर-खाली करत राहा. एकदाही स्लोवर येऊ देऊ नका. उभ्या गाडीत इंजिन तापतं, म्हणून रेडिएटरपुढे मोठा टेबल पंखा लावा. टेंपरेचर वर गेलंच तर इंजिन पूर्ण बंद करा, थंड होऊ द्या आणि उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा. पुशरॉड फिरताहेत का ते बघता आलं तर बघा. फिरत नसलेला पुशरॉड म्हणजे न फिरणारा टॅपेट, आणि तिथे लगेच बंद करायचं.

या रनिंगसाठी झिंक १२०० ते १४०० पीपीएमपर्यंत चालेल. रनिंग झालं की ते तेल आणि फिल्टर दोन्ही काढून टाका. त्यात पेस्ट आणि पहिल्या घासणीची लोखंडी पूड असते. मग नेहमीचं मिश्रण भरा.

हे काम सोसायटीत करू नका. अर्धा तास दोन हजार आरपीएमचा आवाज आणि धूर शेजाऱ्यांना सहन होणार नाही, आणि कुणी मधेच बंद करायला लावलं तर नुकसान कॅमचं.

१०. टॉप-अप, पुढची बदली आणि जुनं तेल

जुनं इंजिन थोडं तेल पितंच. टॉप-अपला त्याच प्रमाणात कालवलेलं मिश्रण वापरा. प्रत्येक टॉप-अपला कॉन्सन्ट्रेटचा थोडा घोट टाकणारे लोक सहा महिन्यांत नकळत दोन हजारावर पोहोचतात.

तेल बदली ३००० किलोमीटरवर. गाडी कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. झेडडीडीपी तेलात हळूहळू खर्च होतं, आणि ओलावा व पेट्रोलची वाफ त्याला आणखी लवकर संपवतात. प्रत्येक बदलीला हिशोब नव्याने करा. तेल त्याच नावाचं असलं तरी माहितीपत्रकावरची तारीख बघा, कारण कंपन्या मिश्रण बदलतात.

मनात शंका असेल तर दुसऱ्या बदलीच्या वेळी गरम इंजिनातून, धार मध्यावर असताना, शंभर मिली तेल स्वच्छ बाटलीत धरा आणि तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. अहवालात जस्त, फॉस्फरस आणि लोखंड हे तीन आकडे बघा. एका अहवालावरून फारसं ठरत नाही. पुढच्या बदलीचा अहवाल शेजारी ठेवा: लोखंड चढत असेल तर पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर, लिफ्ट मोजायला.

हेच तेल गिअरबॉक्समध्ये टाकू नका. तिथे मॅन्युअल सांगेल तेच तेल.

जुनं तेल आणि कॉन्सन्ट्रेटची बाटली गटारात रिकामी करू नका. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे आणि झेडडीडीपी पाण्यातल्या जीवांना विषारी आहे. आपल्या दोन्ही शहरांची बरीच गटारं शेवटी ठाण्याच्या खाडीत जातात, आणि फ्लेमिंगोंमुळे ती खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या, ज्याचं तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारा उचलतो. देताना एकदा तोंडी विचारा, "हे पुढे कुठे जातं?" गॅरेजवाला नाव सांगू शकला नाही तर कॅन परत गाडीत ठेवा आणि दुसऱ्या गॅरेजकडे जा.